पत्र्यावर पत्रा

गाडी शेडसमोर येऊन थांबली की बाबालालमामा आधी गाडीकडे बघतच नसत. ते गाडीवाल्याकडे बघत आणि विचारत, "मागं कोन बसायचं?"

नवा माणूस हमखास गोंधळायचा. तो आलेला असायचा जुन्या जीपचा गंजलेला पत्रा बदलायला, आणि हा म्हातारा पोलिसासारखी चौकशी करतोय. माणचा एक गृहस्थ एकदा छाती पुढे काढून म्हणाला, "कोणी नाही. आम्ही नवरा-बायको दोघंच, तेही पुढे." मामांनी मागचा पडदा वर केला, वाकून एकदा आत पाहिलं आणि म्हणाले, "मंग शेळ्या कुनाच्या?" गृहस्थ बायकोकडे बघायला लागला. "बाजाराला नेतो कधीमधी," असं तो कबूल करेपर्यंत, शेळ्या ज्या कोपऱ्यात उभ्या राहत तिथे मामांचं बोट जाऊन टेकलं होतं.

दुधाचे कॅन गोल डाग सोडतात. कांद्याच्या गोणीचा नुसता वास मागे राहतो, पण खताची गोणी एकदा फुटली की पत्रा आतून पोखरत जातो. पाण्याची टाकी वाहणाऱ्या गाडीचा गंज पुढे नसतो, मागच्या दाराशी असतो, कारण चढावर पाणी तिकडेच सांडतं. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. "गंज आभाळातनं पडत न्हाई, इंजिनेरबाई," ते मला म्हणायचे. "मागं काय वाहिलं त्ये सांगा, कुठं सडलंय त्ये म्या सांगतो."

इंजिनेरबाई म्हणजे मी. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे दाबून काढलेले पत्र्याचे भाग तपासायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचे, हे माझं रोजचं काम. तेव्हा पत्र्याच्या बाबतीत मला कोणी गोंधळात टाकू नये. पण मामांनी टाकलं आणि चांगलं टाकलं. ते जाऊन आता वर्ष होत आलं, शेडच्या जागी कुणीतरी टाइल्सचं दुकान काढलंय, तरी माझा गोंधळ पुरता मिटलेला नाही.

चाकण-तळेगाव रस्त्याला लागून, माझ्या कंपनीच्या वाटेवरच त्यांची शेड होती. तीन बाजूंना भिंती आणि चौथ्या बाजूला रस्त्यावरून अखंड धावणारे कंटेनर. मामा अंगाने काटकुळे, अंगात बंडी, डोक्याला पांढरी टोपी. उजवी भुवई वेल्डिंगच्या ठिणग्यांनी कधीच जळून गेलेली, त्यामुळे अर्धा चेहरा कायम काहीतरी नवल ऐकल्यासारखा. तरुणपणी ते एका कंपनीत ठेकेदाराकडे वेल्डर होते. ते काम का सोडलं असं विचारलं तर म्हणायचे, "तितं दिसभर एकाच जागी त्योच टाका मारायचा. फुडं त्या गाडीचं काय झालं, कुनी सांगतच न्हाई. लेक सासरी दिली अन् खबरच न्हाई, असं कसं चालंल?"

त्यांचा राग म्हणाल तर एकाच गोष्टीवर होता. जुना सडका पत्रा न काढता त्याच्यावरच नवा ठोकून देणारे कारागीर. वरून गाडी झकास दिसते, आत दोन पत्र्यांच्या मधे पाणी साचतं आणि खालचा सांगाडासुद्धा कुजतो. असं काम कुणी आणलं की मामा छिन्नीने वरचा पत्रा उचकटत आणि आसपासच्या सगळ्यांना हाका मारून दाखवत. "या, बघा. मयताला नवी टोपी!"

आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची जीप मामांकडे गेली ती कोयत्यामुळे. अण्णा गावी एकटे राहतात. शेत गावापासून लांब, डोंगराच्या कडेला. वाट अशी की पावसाळ्यात मोटारसायकल घातली की ती तिथेच ठेवून चालत परत यायचं. अण्णांचे गुडघे आता चालण्यातले राहिले नाहीत, त्यामुळे जीप आहे तोवर शेत आहे. तर या जीपमधून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी खुरपं गेलं, मग कोयता. अण्णांनी शेजारच्या बांधवाल्यावर संशय घेतला आणि दोन दिवस दोघांची चांगली जुंपली. तिसऱ्या दिवशी तो बांधवालाच कोयता घेऊन दारात आला. वाटेत पडलेला सापडला म्हणाला, आणि थोडं पुढे खुरपंही. अण्णांनी जीपमधली चटई उचलली तर खाली रस्ता दिसला.

आरटीओच्या पासिंगची मुदत महिन्यावर आली होती. पंचवीस वर्षांची गाडी. मागचा पत्रा असा चाळणी झालेला असताना ती पास होणं शक्य नव्हतं. मी संधी साधली. म्हटलं, "अण्णा, पास झाली तर चालवा. नाही झाली तर भंगारात द्यायची आणि तुम्ही माझ्याकडे आकुर्डीला यायचं. मंजूर?" अण्णांनी अंगणातल्या जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंजूर. पन काम बाबालाल करनार." मी हो म्हटलं. आपण जिंकावं असं मला वाटत होतं की हरावं, हे मला त्या वेळीही नीट सांगता आलं नसतं.

जीप शेडसमोर उभी राहिली. मी मामांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत उभी. काय काय वाहिलं त्याची यादीसुद्धा मनात तयार होती. मामांनी जीपकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "ठिवा. बघतो." अण्णाही नेहमीसारखे चहाला थांबले नाहीत. दोघं इतक्या वर्षांचे ओळखीचे, आणि एकमेकांच्या डोळ्याला डोळा देईनात. मला वाटलं, जुनं काही भांडण असेल.

पुढच्या शनिवारी मी गेले तर जीपच्या मागच्या भागावर ताडपत्री बांधलेली. मी उचलायला गेले तर मामा ओरडले, "हात लावू नगं!" का, ते सांगेनात. काम कुठवर आलं? तर म्हणे लाइट नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणे हवा तसा जाड पत्रा मिळाला नाही. पत्रा मीच मिळवून दिला, तर म्हणे पाठ धरलीय. आणि हे बोलत असताना शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीचं काम त्यांनी त्याच पाठीने पुरं करत आणलेलं.

शेवटी मी ठरवलं, याची वाट बघण्यात अर्थ नाही. एकदा मामा दुपारच्या नमाजाला गेलेले बघून मी ताडपत्रीच्या कडेने हात घालून सगळी मापं घेतली, दोन-दोनदा तपासली, कागदावर रेखाटन काढलं आणि ओळखीच्या वर्कशॉपमधून अख्खा मागचा तळ कापून, वाकवून आणला. चकचकीत, सुबक. मामांनी ताडपत्री न सोडता तो उचलून खालच्या बाजूने चौकटीला नुसता टेकवून दाखवला. एका कोपऱ्यात अंगठाभर जागा मोकळी राहिली आणि दुसऱ्या कोपऱ्यात तो आत जाईना. "एका अंगाला जॅक लावल्याला व्हता, तवा माप घेतलंस," मामा शांतपणे म्हणाले. "तळ सडल्याली जीप पिळवटती, पोरी. तू मापलं त्ये जीपचं माप न्हवं, जॅकचं." केसाएवढा फरक पकडणारी मी, अंगठाभर चुकले होते.

त्या फजितीचा राग मी त्यांच्यावरच काढला. पासिंगला दहा दिवस राहिले होते. "मामा, तुम्हाला काम करायचंय की नाही? नसेल तर सरळ सांगा, मी दुसरीकडे नेते. त्या जीपवर माझ्या बापाचं गाव अवलंबून आहे!" असं मी रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. मामांनी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या आणि ती बाजूला ओढली.

आत एक पत्रा नव्हता, दोन होते. वरचा अर्धा उचकटलेला, त्याच्याखाली जुना, आणि मधे काळा, ओला, कुजका थर. मी बोट लावलं तर धागे हाताला आले. गोणपाट होतं. त्याने वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवलं होतं आणि खालचा आडवा दांडासुद्धा खाऊन टाकला होता.

"पत्र्यावर पत्रा! आणि मधे गोणपाट!" मी म्हणाले. "कुणी केलं हे गाढवाचं काम?"

"म्या," मामा म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ती अर्धी नवलाईची मुद्रा त्या दिवशी नुसतीच थकलेली दिसत होती. "म्याच. ह्याच हातानं."

"आणि लोकांना हाका मारून दाखवता! मयताला नवी टोपी म्हणता!"

"व्हय," ते म्हणाले. "म्हनतो."

मी तणतणत गावी गेले. इतकी वर्षं ज्याच्या कामाचे गोडवे ऐकले त्यानेच आपल्याला बनवलं, हे अण्णांना कधी सांगते असं मला झालं होतं. अण्णा ओट्यावर बसून लसणाच्या जुड्या बांधत होते. मी सगळं एका दमात ऐकवलं. अण्णांचे हात थांबले.

"त्याला काय बोलू नगंस," ते म्हणाले. "त्यो न्हाईच म्हनत व्हता. म्या करायला लावलं."

मी खाली बसले.

"तुझ्या आईला मशिनीचा शेक द्यायला सा आठवडे रोज पिंपरीला न्यावं लागायचं. तू हॉस्टेलवर व्हतीस. बंद गाडीत तिला मळमळायचं, दोनदा नेऊन बघितलं. मंग जीपची बाकडी दुमडली, मागं गादी टाकली, पडदे वर बांधले. वारं लागलं का तिला बरं वाटायचं. पन मागचा पत्रा सुटला व्हता. निस्ता थडथड वाजायचा, तिच्या डोक्याखालीच. डोक्यातच तर तिची गाठ. ती कानावर हात ठिवून पडायची. बाबालालनं एकदा रस्त्यात बघितलं. म्हनला, दादा, चार दीस गाडी सोडा, समदं उघडून नवं करतो. चार दीस कुठनं आनू? शेकाला आयतवार तेवढा सुट्टी. म्या म्हनलं, वरनंच मार. त्यो न्हाई म्हनला, सडंल म्हनला. म्या म्हनलं, सडू दे जीप. मंग त्यानं घरनं गोणपाट आनलं, धुऊन, वाळवून. आवाज मरावा म्हनून मधी घातलं. अन् म्हनला, शेक संपलं का उघडू."

शेक संपले त्याच महिन्यात आई गेली. मग अण्णांनी जीप त्यांच्याकडे नेली नाही आणि मामांनीही बोलावली नाही. वरून पत्रा धड दिसत होता, पासिंगही होत गेलं. दोघंही त्या तळाबद्दल पंधरा वर्षं बोलले नव्हते.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. फोन केला की अण्णा सांगायचे, मित्राची गाडी मिळालीय, झोपून जाते तुझी आई, आरामात. परीक्षा आहे, तू येऊ नकोस. मी खरं मानलं आणि आले नाही. आता ओट्यावर बसून मला आधी अण्णांचा राग आला, मग स्वतःचा, मग आईचाही. मामांचा आला तो कशासाठी हेच मला समजेना, आणि तो सगळ्यात आधी निघून गेला. त्या संध्याकाळी मी खूप रडले. लसूण तसाच अर्धा राहिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शेडवर गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. मामांनी मला येताना पाहिलं.

"बापानं सांगितलं?"

"हो."

"रोज दोरी सोडायचो," ते म्हणाले. "गोणपाट बघायचो अन् परत बांधायचो. हातच चालंना. उघडतो म्हनलं व्हतं अन् उघडलं न्हाई. लोकांना शिव्या देताना येक दीस असा न्हाई का हे आठवलं न्हाई." मग वेल्डिंगची काच उचलत म्हणाले, "आता आलीयास तर पत्रा धर."

मी पाच दिवस पत्रा धरला. जीप आधी सपाट जमिनीवर चारी चाकांवर घेतली, दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या मारून तिचा आकार बांधला, मगच सडका भाग कापून काढला. गोणपाट मामांनी स्वतः गोळा केलं, मला हात लावू दिला नाही. नवा दांडा बसला. मग तळ. एक टाका या कोपऱ्यात, दुसरा समोरच्या, मग पत्रा गार होईपर्यंत थांबायचं. मी घड्याळ बघितलं की म्हणायचे, "पत्र्याला घाई कळती, पोरी. मंग त्यो फुगून बसतो." मी विचारलं, फरक किती चालतो? त्यांनी माझा हात धरून सांध्यावरून फिरवला. "घावला का फरक? मंग चालत न्हाई." सहा वेळा फिरवल्यावर घावेनासा झाला. पाणी वाहून जायला त्यांनी चार भोकंही ठेवली आणि प्रत्येक भोकाची कड कानशीने घासून गुळगुळीत केली. तिथे खाली वाकून कोण बघणार होतं कुणास ठाऊक.

पासिंगला आम्ही तिघं गेलो. साहेबांनी जीपखाली वाकून पाहिलं, नव्या दांड्यावर हातोडीने दोनदा ठोकलं आणि मान हलवून सही केली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पैज मी हरले होते, ते आता गावीच राहणार होते. मला हायसंही वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी जीपमध्ये चढायला वळले. बाकडी दोन्ही कडांना दुमडलेली होती. मी एक खाली ओढणार तोच मामा म्हणाले, "आसू दे. तू आडवी हो."

"कुठे?"

"खाली. पत्र्यावर. डोकं हिकडं, बापाच्या मागं."

ते पुढे जाऊन अण्णांच्या शेजारी बसले. अण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. मी ऑफिसच्या कपड्यांत, भर दुपारी, उघड्या तळावर आडवी झाले. पडदे वर बांधलेले होते. जीप निघाली. दोन्ही बाजूंनी कंटेनरची चाकं, वर पुलांची पोटं आणि मधे आभाळाच्या पट्ट्या दिसत होत्या. सहा आठवडे आईला हेच दिसत असेल, असं मनात आलं आणि मी डोळे मिटले. पत्र्यातून इंजिनाची बारीक थरथर डोक्यात येत होती, पण वाजत काही नव्हतं. मग एका गतिरोधकावर डाव्या कानाशी टिक झालं. थोड्या वेळाने पुन्हा, टिक. कुठला तरी बोल्ट असावा.

"वाजतंय का?" मामांनी पुढून विचारलं.

मी डोळे उघडून मान वळवली, त्यांची टोपी मला मागून दिसत होती. मान ताठ धरून ते उत्तराची वाट बघत होते. पाच दिवस त्यांचा हात एकेका टाक्याआधी कसा थांबायचा ते मी पाहिलं होतं.

"नाही मामा," मी म्हणाले. "काहीच वाजत नाही."

एक पूल डोक्यावरून मागे गेला.

"वयनीबी आसंच म्हनायच्या," मामा म्हणाले. मग अण्णांच्या हातावर हात ठेवून, "दादा, गाडी कडंला घ्या."

जीप थांबली. मामा पाना घेऊन मागे आले, दांड्याला धरून कष्टाने आत चढले आणि गुडघे टेकून माझ्याशेजारी पत्र्यावर कान लावला. मुठीने एकदा ठोकलं, जरा सरकून परत ठोकलं. माझ्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर त्यांना तो बोल्ट सापडला. अर्धा फेरा बसला. मग ते उतरून पुढे गेले, जागेवर बसले आणि पहिल्यांदाच मागे वळले.

"आता खरं सांग," ते म्हणाले.

अण्णांनी गिअर टाकला. मी डोकं पुन्हा पत्र्यावर टेकवलं.